कलम ३७७ गेलं, तरी समलिंगी पुरुषाची नोकरी का जाते?

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिला. पोलिसांची भीती त्यामुळे कमी झाली. नोकरी मात्र त्या निकालाने पक्की झाली नाही.

प्रा. रामचंद्र सिरस आठवतात? अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले आणि विद्यापीठाने निलंबित केलं सिरसांनाच. निवृत्ती काही महिन्यांवर होती. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. आठवडाभरातच ते घरात मृतावस्थेत सापडले. ‘अलीगढ’ हा सिनेमा त्यांच्यावरच आहे.

याच न्यायालयाने २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका होमगार्डला परत कामावर घ्यायला लावलं. एका व्हिडिओवरून त्याची नेमणूक रद्द झाली होती.

दोघांकडे एक गोष्ट होती: लेखी आदेश. कागद होता म्हणून कोर्टात आव्हान देता आलं. समोर सरकारी संस्था होती, म्हणून संविधानातला समानतेचा हक्क थेट मागता आला.

आता हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावचा विचार करा (मुंबईतलं नव्हे). अशा गावात शेतमजुरी, हमाली, दुकानातलं काम, बांधकाम हे सगळं ओळखीवर मिळतं. नेमणुकीचं पत्र नसतं, काढल्याचंही नसतं. गावात कुजबुज सुरू झाली की मालक कारण सांगत नाही, ‘उद्यापासून येऊ नको’ एवढंच म्हणतो.

त्यात काही कामांची रचनाच लग्नावर उभी आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादम उचल देतो ती जोडीच्या हिशोबाने. लग्न न केलेला माणूस तिथे ‘अर्धा कोयता’ ठरतो. त्याच्याशी कुणी वाईट वागलं नाही तरी पैसे कमीच! भेदभाव म्हटलं की आपण टोमणे आणि शिव्याच मोजतो, हा हिशोब सुटून जातो.

कायद्याचं काय? २०१९ च्या कायद्याने नोकरीतला भेदभाव बंद केला, पण तो तृतीयपंथी व्यक्तींसाठी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा महिलांसाठी. समलिंगी पुरुषाला खासगी मालकाने त्याच कारणावरून काढलं, तर थेट लागू होईल असा केंद्रीय कायदाच नाही.

मजुरी बुडवली असेल तर मात्र मार्ग आहे. सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि त्यासाठी आपण समलिंगी आहोत हे सांगावं लागत नाही. केलेलं काम आणि थकलेली रक्कम दाखवायची. त्यामुळे हजेरीचा फोटो, मालकाचे व्हॉट्सॲप मेसेज, फोन-पेची नोंद पुसू नका. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन नंबर १५१०० आहे.