‘अंगावर काढणे’ : एका वाक्प्रचाराचा विचार

‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार मराठी वाचकांस नित्याच्या परिचयाचा आहे. उपचार न घेता, रोजची कामे चालू ठेवून आजार सोसणे, असा त्याचा अर्थ. याच ‘अंग’ शब्दाच्या आश्रयाने स्त्रियांच्या आजारांची बरीचशी बोली उभी राहिली आहे. श्वेतप्रदरास ‘अंगावरून पांढरे जाणे’ म्हणतात. गर्भाशय खाली सरकल्यास ‘अंग बाहेर आले’ असे सांगतात. अवयवाचे नाव उच्चारावे लागू नये, ही या योजनेतील सोय होय. तथापि या सोयीची किंमत रुग्णास मोजावी लागते. ‘अंग दुखते’ असे सांगणाऱ्या स्त्रीस ओटीपोटातील वेदना अभिप्रेत असू शकते, आणि ऐकणाऱ्यास केवळ थकवा.

सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या ओटीपोटाच्या वेदनेस वैद्यकात जुनाट वेदना मानतात. तिची कारणे अनेक : जननमार्गातील जंतुसंसर्ग, गर्भाशयातील गाठी, किंवा गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणे. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. अंगावर काढणे ही व्यक्तीची सवय नसून समाजाची रीत आहे, हे यावरून ध्यानात येते.

आता पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे दोन तालुके पाहू. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत. रेल्वे कर्मचाऱ्याच्या कुटुंबास रेल्वेची वैद्यकीय सेवा मिळते, वेतनमर्यादेत बसणाऱ्या कारखाना-कामगारास कर्मचारी राज्य विमा. परंतु घोड व भीमा या नद्यांच्या काठी ऊसही पिकतो, आणि शेतमजुरी करणाऱ्या वा ऊसतोडीस येणाऱ्या स्त्रीस यांपैकी काहीच नसते. ऊसतोडीच्या परिभाषेत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम ती ‘उचल’. एक दिवस चुकला तर तो ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड हिशोबात धरला जातो. अर्थात दवाखान्याचा पहिला खर्च औषधाचा नसून बुडालेल्या दिवसाचा असतो.

अंगावर काढणे असह्य झाल्यावर बोलीत दुसरा शब्द पुढे येतो : ‘पिशवी’. गर्भाशयास पिशवी म्हटले, की ते मुले झाल्यावर रिकामे पडलेले, काढून टाकण्याजोगे पात्र भासू लागते. या तालुक्यांकडे ऊसतोडीस ज्या भागांतून मजूर येतात, त्यांत बीड जिल्हा प्रमुख आहे. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे २०१९ मध्ये आलेल्या पाहणीनुसार, त्या जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. गर्भाशयाबरोबर बीजांडेही काढली तर हाडांची झीज लवकर सुरू होते. आणि वेदनेचे मूळ गर्भाशयाबाहेर असेल तर शस्त्रक्रियेनंतरही वेदना उरते.

सोसणे आणि काढणे या दोन टोकांस बोलीत शब्द आहेत. त्यांच्या मधल्या टप्प्यास, म्हणजे पुन्हापुन्हा तपासणी, निदान व औषधोपचार यांस, तसा रूढ शब्द नाही. विशेष असे, की विम्याची रचनाही बहुतांशी अशीच आहे. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची आरोग्य योजना ही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातील फेऱ्यांचा भार ती सहसा उचलत नाही.

हा मधला टप्पा भरून काढण्याचे साधन सार्वजनिक रुग्णालय हेच होय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. शिरूर येथे ग्रामीण रुग्णालय व दौंड येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत व दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के सवलतीने राखण्याचे बंधन आहे. उत्पन्नाचा दाखला वा शिधापत्रिका जवळ असल्यास ही सवलत मागता येते.

तरीही केसपेपरवर काय लिहिले जाते, यावर पुढचे सारे अवलंबून राहते. वेदना कोठे, किती महिन्यांपासून, पाळीच्या आधी की नंतर, संबंधाच्या वा लघवीच्या वेळी वाढते काय, हे तपशील सांगितले गेले पाहिजेत, आणि शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास ‘रोगाचे नाव काय, औषधाने भागेल काय’ हे विचारले गेले पाहिजे. बोलीच्या अभ्यासकाने अशा शब्दांची केवळ सूची करून थांबू नये. ‘अंग’ म्हणजे नेमके काय, हे परिचारिकेस व डॉक्टरांस समजेल अशी उकल करून देणे, हेही त्याचेच काम आहे.