सॉक्सलेटचा वळसा

सकाळी साडेनऊला मेंटलचं बटण दाबलं, की दहाच्या आसपास पहिला सायफन पडतो. फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो ‘पडतो’च, दुसरं क्रियापद मी आजवर ऐकलेलं नाही. तोवर काचेच्या उभ्या नळ्यात थेंब थेंब द्राव साठत आलेला असतो, कागदी थिम्बलमधली पाल्याची भरड त्यात बुडालेली असते, आणि बाजूच्या बारीक वाकड्या नळीत पातळी चढत चढत वळणापाशी येऊन अडलेली असते. आणखी दोन थेंब पडले, की वळण ओलांडलं जातं, ‘गुळुक’ असा आवाज येतो आणि इतका वेळ साठलेलं सगळं एका दमात खालच्या गोल फ्लास्कमध्ये उतरतं. पहिल्या खेपेला गडद हिरवं. दहाव्या खेपेला पोपटी. विसाव्या खेपेला, नशिबात असेल तर, पाण्यासारखं. पोरं वहीच्या मागच्या पानावर उभ्या रेघा ओढत बसतात.

‘किती झाल्या रे?’

‘सतरा सायकल, सर.’

वीस-बावीस वर्षं मी या काचेच्या शेजारी उभा आहे. तिच्यात मोटर नाही, पडदा नाही, हलणारा एकही भाग नाही. तरी वनस्पतींच्या औषधी गुणांवरचा कुठलाही प्रबंध उघडा, तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडतं: पानं सावलीत वाळवली, भरड दळली आणि सॉक्सलेटमध्ये अर्क काढला. एवढ्या एका वाक्यात तीन-तीन दिवस गेलेले असतात.

युक्ती साधी आहे. खालच्या फ्लास्कमधला द्रावक उकळतो. त्याची वाफ भरडीतून न जाता बाजूच्या जाड नळीने थेट वर चढते, कंडेन्सरच्या गार काचेवर तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो भरडीवर ठिबकतो. भरडीतलं जे विरघळायचं ते विरघळतं, सायफन पडतो, अर्क खाली जातो. आता पुन्हा उकळतो तो फक्त द्रावक. अर्क खालीच राहतो. म्हणजे भरडीवर दर खेपेला पडतो तो कोरा करकरीत द्रावक. चिमूटभर चहापत्तीवर दिवसभर कोरं पाणी ओतत राहावं, आधीचा चहा एका भांड्यात साठत जावा, आणि तरी पाणी लागावं एकच तांब्या, असा हा प्रकार.

ज्याच्या नावाने हे उपकरण ओळखलं जातं, त्या फ्रान्झ फॉन सॉक्सलेटला औषधी वनस्पतींशी काही देणंघेणं नव्हतं. हा कृषी रसायनशास्त्रज्ञ, दुधाचा माणूस. दुधात स्निग्धांश किती हे मोजायचं, त्यासाठी वाळवलेल्या दुधातून ईथरने सगळी चरबी काढून घ्यायची, आणि ती काढताना माणूस ताटकळत बसायला नको, एवढीच त्याची गरज. १८७९ साली त्याने हे उपकरण छापून प्रसिद्ध केलं. त्यातला आपोआप पडणारा सायफन सोंबाथी नावाच्या माणसाचा, हे त्याने त्याच लेखात नोंदवून ठेवलं होतं. जग सोंबाथीचं नाव विसरून गेलं. आमच्या परीक्षेत तर सॉक्सलेटचं स्पेलिंगसुद्धा शंभरात चाळीस जणांचं चुकतं.

कंपनीचं तयार थिम्बल महाग पडतं, म्हणून आमच्याकडे फिल्टर पेपरची गुंडाळी करून तळाला दोरा बांधतात आणि तोंडाला कापसाचा बोळा लावतात. फ्लास्कमध्ये फुटक्या पोर्सेलिनच्या बशीचे दोन-चार तुकडे टाकायचे, नाहीतर द्रावक शांतपणे उकळायच्या ऐवजी एकदम उसळतो. भरड फार बारीक दळली तर सायफन तुंबतो, फार जाडी ठेवली तर आतलं बाहेर येत नाही. कंडेन्सरला गार पाणी अखंड लागतं, आणि जिल्ह्याच्या गावच्या कॉलेजात नळाला अखंड पाणी ही कविकल्पना आहे. एकदा दुपारी जेवायला गेलो आणि टाकी संपली. परत आलो तो खोलीभर मेथेनॉलचा दर्प, फ्लास्क कोरडा, तळाला करपलेला काळा थर, आणि एका मुलीचा अडुळशाचा तीन दिवसांचा अर्क गेलेला. नशिबाने ठिणगी कुठे उडाली नाही. तेव्हापासून आम्ही एअर कूलरचा छोटा पंप बादलीत सोडतो, बादलीत बर्फ टाकतो आणि तेच पाणी फिरवत ठेवतो. बर्फ आइस्क्रीमवाल्याकडून येतो. प्रबंधात याचा उल्लेख नसतो.

खरी मेख उपकरणात नाही, द्रावकात आहे. तीच भरड आधी पेट्रोलियम ईथरमध्ये चालवली, तर मेण, तेल आणि हिरवा रंग निघतो. मग वाळवून क्लोरोफॉर्ममध्ये, मग एथिल ॲसिटेटमध्ये, मग मेथेनॉलमध्ये, शेवटी पाण्यात. एका झाडाच्या पाच बाटल्या होतात आणि पाचही वेगळ्या वागतात. अल्कलॉइड आहे का हे बघायला आम्ही ड्रॅगेनडॉर्फचा द्राव वापरतो. बिस्मथचा हा नारिंगी द्राव, आम्लात मिसळलेल्या अर्कात त्याचे दोन थेंब सोडले, की अल्कलॉइड असल्यास विटकरी नारिंगी साका बसतो. कुड्याच्या सालीचा अर्क घ्या: मेथेनॉलच्या परीक्षानळीत टाकताक्षणी गढूळ नारिंगी ढग उतरतो, पेट्रोलियम ईथरच्या नळीत बहुधा काहीच होत नाही. नवीन पोरं दुसरी नळी हलवून हलवून बघतात. झाड तेच, साल तीच, सकाळ तीच. झाडाला आपण कोणत्या भाषेत विचारलं, त्यावर ते उत्तर देतं की नाही हे ठरतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण चीनमधलं आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, मे १९६७ मध्ये, तिथे मलेरियावरच्या औषधासाठी ‘५२३’ नावाचा गुप्त प्रकल्प सुरू झाला. थू यूयू या संशोधिकेच्या गटाने सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाव नावाच्या, आपल्या दवण्याच्या कुळातल्या झुडपाचा अर्क कधी चाले, कधी अजिबात चालत नसे. मग त्यांनी चौथ्या शतकातल्या ग हुंग या वैद्याची तातडीच्या उपचारांची पोथी पुन्हा उघडली. त्यात पाला उकळायला सांगितलाच नव्हता. तो पाण्यात भिजवून, पिळून, तो रस प्यायला सांगितला होता. थू यांच्या मनात आलं, उष्णतेनेच तर औषध मरत नसेल? त्यांनी जेमतेम ३५ अंशांना उकळणारं ईथर घेतलं, अर्कातला आम्ल भाग काढून टाकला, आणि ४ ऑक्टोबर १९७१ ला १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांमधल्या मलेरियावर शंभर टक्के उतरला. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला. त्यातलं औषध म्हणजेच आर्टेमिसिनिन. २०१५ चं नोबेल थू यांना त्यासाठीच मिळालं.

ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरचा, आजोबा वैद्य असलेला एखादा पोरगा हळूच हसतो. त्याला माहीत असतं, की आपल्याकडे स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच वेगवेगळ्या कल्पना सांगून ठेवल्या आहेत. पिळून काढलेला रस वेगळा, वाटलेला गोळा वेगळा, उकळलेला काढा वेगळा, रात्रभर गार पाण्यात भिजवलेला हिम वेगळा, गरम पाणी ओतून गाळलेला फांट वेगळा. ग हुंगची कृती आमच्या हिमाची आणि स्वरसाची मावसबहीण. आणि आपण? आपण सरसकट मेथेनॉल घेतो, सॉक्सलेटमध्ये आठ-आठ तास शिजवतो आणि वर लिहितो, ‘पारंपरिक वापराची वैज्ञानिक पडताळणी’. आजीने गार पाण्यात भिजवून दिलेल्या औषधाची पडताळणी मेथेनॉलच्या वाफेत कशी होणार, हा प्रश्न तोंडी परीक्षेत मी हटकून विचारतो. उत्तर फारसं येत नाही. मलाही विद्यार्थी असताना आलं नव्हतं.

आपल्या मातीतली गोष्ट सांगायची तर नरक्याची. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, सदाहरित जंगलात वाढणारं हे लहानसं झाड. फुलांना असा घाण वास, की लोकांनी नाव ठेवलं ते नरकावरून, आणि शास्त्रीय नावातही कधीकाळी ‘दुर्गंधी’ हा अर्थ होता. तिकडे चीनमध्ये दुसऱ्याच कुळातलं एक झाड आहे, शी-शू, अर्थ आनंदवृक्ष. अमेरिकेत लावलेल्या याच झाडाचा अर्क कर्करोगाच्या चाचणीत चमकला, आणि मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी त्यातून कॅम्प्टोथेसिन वेगळं करून १९६६ साली त्याची रचना मांडली. वाणी आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात एम. एस्सी. करून ते अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचं आयुष्य गेलं. १९७१ साली याच जोडीने यू वृक्षाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना मांडली. तेव्हा १२ किलो सालीतून हाती लागलं होतं जेमतेम अर्धा ग्रॅम. आज कर्करोगाच्या वॉर्डात बाटलीवर ‘पॅक्लिटॅक्सेल’ हे याच टॅक्सॉलचं नाव वाचणाऱ्या किती मराठी नातेवाइकांना नंदुरबार आठवत असेल?

आणि १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना नरक्यात काय सापडलं? तेच कॅम्प्टोथेसिन, चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात. आनंदवृक्ष आणि नरक्या, दोघांच्या पोटात एकच रेणू.

पण इथेही द्रावकाने दगा दिला. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळेना, मग माणसाच्या शिरेत द्यायचं कसं? म्हणून त्याचं विरघळणारं सोडियम मीठ करून रुग्णांना दिलं. त्यात रेणूचं एक कडं उघडलं गेलं, रोगावरचा जोर गेला आणि मूत्राशयाचं मात्र नुकसान झालं. चाचण्या गुंडाळल्या गेल्या. रेणू पेशीत नेमका कशाला धरतो हे १९८५ च्या सुमाराला कळलं, तेव्हा पुन्हा हालचाल झाली, आणि पाण्यात विरघळतील असे त्याचे दोन भाऊबंद, टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन, १९९६ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. रचना कळल्यापासून तीस वर्षं. तोवर इकडे नरक्याला भाव आला होता आणि घाटातून त्याची बेकायदा तोड होऊन ट्रकच्या ट्रक उतरू लागले होते. माझ्या ओळखीच्या एका वनरक्षकाला हे झाड फक्त जप्तीच्या पंचनाम्यामुळे माहीत होतं. उभं झाड त्याने फार उशिरा पाहिलं.

अर्काच्या बाटलीकडे बघायची माझी नजर सर्पगंधेने बदलली. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमाँ सिद्दिकींनी १९३१ साली तिच्या मुळीतून सुरेख स्फटिक काढले आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकाचं नाव अजमलीन ठेवलं. त्याच वर्षी गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाब उतरवते आणि वेड शमवते असं लिहिलं. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपल्या रुग्णांचा अनुभव मांडला आणि जगाचं लक्ष इकडे वळलं. पण रक्तदाब उतरवणारा मुख्य पदार्थ त्या देखण्या स्फटिकांत नव्हताच. स्फटिक काढून घेतल्यावर उरलेला जो चिकट, राळेसारखा गाळ, त्यात तो होता. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या मंडळींनी १९५२ साली त्या गाळातून रेसर्पिन वेगळं केलं. गोळीत ते पाव मिलिग्रॅमएवढंही पुरे होई.

म्हणून आमच्या प्रयोगशाळेत गाळ फेकायला बंदी आहे. पोरांना वैताग येतो. त्यांना घाई असते ती डीपीपीएच चाचणीची: जांभळ्या द्रावात अर्क टाकायचा, जांभळा रंग जाऊन पिवळा झाला की ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून लिहायचं, ५१७ नॅनोमीटरला आकडा घ्यायचा, आलेख काढायचा, छापायचं. मी एकदा कॅन्टीनमधला कोरा चहा त्यात टाकून दाखवला. बघता बघता रंग गेला. आख्खी बॅच गप्प. मग एक जण म्हणाला, ‘सर, मग माझ्या पानाचं काय?’ त्याच्या पानाचं काय हे खरंच मला सांगता येत नव्हतं. चाचणीने इतकंच सांगितलं होतं, की त्या पानात टॅनिनसारखं काहीतरी आहे, जसं चहात असतं. काचेच्या बशीतल्या पेशी मारणं तर आणखी सोपं. ब्लिचिंग पावडरही मारते. पेशी मारून माणूस वाचवणारा अर्क हवा असतो, आणि तो बशीत ओळखता येत नाही.

तरी मी त्यांना सॉक्सलेट लावायला लावतो. आधी पुण्याला जाऊन वनस्पती सर्वेक्षण विभागाच्या केंद्रात झाडाची ओळख पटवून आणा, वाळवलेला नमुना तिथे ठेवा, क्रमांक घ्या. मग भरड दळा. गेल्या वर्षी एकाने बाजारातून आणलेली ‘अशोकाची साल’ निघाली आसुपालवाची. तिच्याही पाच बाटल्या त्याने इमानाने काढल्या होत्या.

फ्रीजच्या खालच्या खणात अशा बाटल्या दाटीवाटीने बसल्या आहेत. लेबलवरची शाई उडत चालली आहे. काहींवर फक्त मुलांची आद्याक्षरं आणि ‘रेझिन, फेकू नये’ एवढंच उरलंय. सर्वांत जुनी कुणाची हे आता कुणालाच सांगता येत नाही. झाकण उघडलं तर अजून अडुळशाचा वास येतो. सकाळी फ्रीज पुसायला येणाऱ्या मावशी ती बाटली उचलतात, खालचा खण पुसतात आणि होती तिथेच परत ठेवतात.