नेमबाजाचे कान

जुन्नर-आंबेगावच्या मुलांना रायफल नेमबाजीसाठी जिल्ह्यातली मोठी रेंज म्हणजे बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल. एअर रायफलचा आवाज बेताचा. पण स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्य जिंकले, त्यातल्या पॉइंट टू-टू रायफलचा बार 140 डेसिबलच्या आसपास जातो. अशा आवाजाने अंतर्कर्णातील संवेदी पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत.

कान वाचवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इअरमफला बाहेर मायक्रोफोन आणि आत छोटे स्पीकर असतात. प्रशिक्षकाचे बोलणे ऐकू येते. आवाज साधारण 85 डेसिबलच्या वर गेला की स्पीकरमधून येणारा आवाज दाबला जातो. खरे संरक्षण मात्र कप आणि गादीच करतात, म्हणून आधी एनआरआरचा, म्हणजे मफ आवाज किती कमी करतो त्याचा, आकडा पाहा. मग रायफल खांद्याला लावून पाहा. जाड कप दस्त्याला अडला तर कडा उचलली जाते आणि आवाज आत शिरतो. चष्म्याच्या काडीनेही फट पडते. तिथे जेलची गादी बरी. बंदिस्त रेंजमध्ये मफच्या आत फोमचे प्लगही घालावेत.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूला ध्वनिग्राहक उपकरण असलेला मफ चालत नाही. त्यामुळे स्पर्धेत उतरायचे असेल तर साध्या मफचीही सवय हवी.