नाही म्हणायची मुभा

वरातीच्या घोडीच्या तोंडात काय असतं, ते सहसा कुणी पाहत नाही. झूल पाहतात, गोंडे पाहतात, कपाळावरची झालर पाहतात. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये बिनदातांची थोडी जागा असते. लगामाचं लोखंड तिथे, नुसत्या हिरडीवर बसतं. त्या लोखंडाला काटे असले तर जरा ओढ बसली तरी जीभ आणि ओठांचे कोपरे फाटतात. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 साली केलेल्या नियमांनी काटेरी लगाम बेकायदा ठरवला, तरी तो आजही वापरला जातो. कर्जतजवळच्या एका तबेल्यात ज्या नुकऱ्या घोडीला पाहायला मी जात असतो, तिच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत त्याचे जाड व्रण आहेत.

तिला आणून सोडणारा म्हणाला होता, घोडी एकदम गरीब आहे, लहान पोरानेही धरावी. आणि ती खरोखरच हलायची नाही. पाठीवर हात ठेवा, खूर उचला, तोंड उघडून बघा, सगळं चालायचं. मान खाली, कान दोन्ही बाजूंना पडलेले, डोळे उघडे पण कशावरच न लागलेले. तबेल्यातल्या मोतद्दार मामांना याचीच धास्ती वाटली. लाथ झाडणारं जनावर निदान काही सांगत असतं. सांगून मार थांबत नाही, उलट वाढतो, हे ज्याला पुरतं कळून चुकलं आहे ते गप्प उभं राहतं. त्या गप्प उभं राहण्याला आपण शिस्त म्हणतो, आणि मला वाटतं घोड्यांच्या बाबतीतली आपली सगळ्यात मोठी फसगत हीच आहे.

सुरुवातीला शिकवणं वगैरे काही झालं नाही. डॉक्टरांनी दाढांच्या धारदार झालेल्या कडा कानसल्या, पाठीवरच्या खोगिराच्या जखमा धुतल्या. दाण्याची चंदी कमी करून पुढ्यात दिवसरात्र सुकं गवत ठेवलं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं. पोट तासन् तास रिकामं राहिलं की आत व्रण होतात. दोन वरातींच्या मध्ये उपाशी उभ्या असलेल्या घोडीचं पोट शाबूत असेल, ही अपेक्षाच चुकीची. दुखणं चालू असताना माया लावून उपयोग नसतो, असं मामांचं मत आहे आणि ते मला पटतं.

खरं काम सुरू झालं ते खराऱ्यापासून. मामा तिला बांधत नाहीत. मोठ्या वाड्यात ती मोकळी असते आणि मामा हातात खरारा घेऊन तिच्या खांद्याच्या रोखाने तिरके चालत येतात. समोरून नाही, कारण कपाळाच्या अगदी पुढ्यातलं घोड्याला दिसत नाही. शेपटीमागूनही नाही, कारण तिथलंही दिसत नाही. बाकी जवळजवळ सगळा परिसर एका वेळी त्याच्या नजरेत असतो. पहिल्यांदा मी कुंपणाशी उभा होतो तेव्हा मामा हळूच म्हणाले, ‘‘साहेब, तिच्याकडे टक लावून बघू नका. त्या बादलीकडे बघा.’’

मी बादलीकडे बघत डोळ्यांच्या कडेने पाहत राहिलो. दहा-बारा पावलांवर मामा आले आणि घोडीची नाकपुडी किंचित आवळली. वरच्या पापणीवर एक सुरकुती उमटली. एवढंच. मला ते सांगितल्याशिवाय दिसलंही नसतं. मामा तिथेच थांबले आणि उलट वळून दोन पावलं मागे गेले. घोडीने श्वास सोडला. पुन्हा पुढे, पुन्हा सुरकुती, पुन्हा मागे. त्या दिवशी खरारा तिच्या अंगाला लागलाच नाही. मामांनी तो खुंटीला अडकवला आणि पाणी भरायला गेले.

घोडी शिकते ती दाब पडतो तेव्हा नाही, दाब सुटतो त्या क्षणी, हे घोड्यांबरोबर काम करणारे सगळेच जाणतात. मामांचा वेगळेपणा सोडण्याच्या वेळेत आहे. तिने बिचकून उडी मारल्यावर मागे सरलं तर ती उडी मारायला शिकते. पापणी हलताच मागे सरलं तर तिला कळतं की एवढ्यानेही भागतं, ओरडायची गरज नाही.

नव्या घोड्याला गूळ चारून आपलंसं करावं, असं पुष्कळजण सांगतात. मामा सुरुवातीला काही चारत नाहीत. ‘‘गुळापायी आली तर ती गुळाजवळ आली, माझ्याजवळ नाही,’’ असं म्हणतात.

पुढे एकदा मामांनी हात मानेपाशी नेला, तेव्हा घोडीने कान मागे पाडले, तोंड फिरवलं आणि ती सरळ वाड्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेली. मामा इतके खूश झाले की ते सांगायला ओटीवर आले. ‘‘आज नाही म्हणाली! तोंडानं बोलली!’’ तिने जाणं आणि तिला जाऊ देणं, यानंतरच तिचं येणं सुरू झालं. काही दिवसांनी ती मामांच्या मागे अंतर ठेवून चालू लागली. ते थांबले की थांबायची.

खरारा पहिल्यांदा टेकला तो आयाळ संपते तिथे, मान आणि पाठ जुळतात त्या उंचवट्यावर. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बहुतेक याच जागी. क्लोडिया फे आणि जान द माझिएर या संशोधक महिलांनी 1993 मध्ये दाखवून दिलं होतं की या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात. मामांना ते कागद ठाऊक नाहीत, जागा अचूक ठाऊक आहे. तिथे गोल गोल खरारा फिरू लागला, तशी घोडीची मान लांबली, खालचा ओठ सैल सुटला आणि वरचा ओठ नुसत्या हवेत थरथरू लागला. मामांनी हात काढला तर तिने अर्धं पाऊल सरकून उंचवटा पुन्हा हाताखाली आणला.

सगळं जमलेलं नाही. लग्नसराईत गावातल्या कार्यालयातून बँजो आणि ताशा ऐकू येतो, तेव्हा तिच्या छातीला घाम फुटतो. तोंडाला लोखंड लावायचा विचार मामांनी सोडून दिला आहे, आणि तिच्यावर आता कुणी बसणारही नाही. पण खुरांपासून सुटका नसते. ते महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, दीड-दोन महिन्यांनी कापावेच लागतात. त्यासाठी घोड्याला तीन पायांवर उभं राहावं लागतं, म्हणजे पळता येत नाही. मामांनी आधी नुसता गुडघ्याला हात लावून सोडला, मग खूर क्षणभर उचलून तिने मागायच्या आत खाली ठेवला, मग थोडा जास्त वेळ. आता नालबंद आला की ती वाड्याच्या दारापर्यंत येते. पुढचे दोन्ही खूर देते. मागचा डावाही देते. मागच्या उजव्याला मात्र मामा डोक्याशी उभे असावे लागतात, आणि मध्ये एकदा तिने पाय ओढून घेतला तर नालबंदाने कानस बाजूला ठेवून थांबायचं, असं ठरलं आहे.