युरोपातील किराणा साखळ्या : पाटीमागची ओळख

आल्डी ही एकच जर्मन कंपनी आहे, असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात त्या दोन स्वतंत्र कंपन्या आहेत. एस्सेन शहरात १९१३ साली आईने थाटलेले किराणा दुकान कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या भावांनी वाढवले. सिगारेट विकायची की नाही, यावरून त्यांचे बिनसले आणि १९६०च्या सुमारास वाटणी झाली : उत्तर जर्मनी थिओकडे, दक्षिण कार्लकडे. पुढे देशही वाटले गेले. फ्रान्स, स्पेन, पोलंडमधली दुकाने आल्डी नॉर्डची, तर ब्रिटन, आयर्लंड, हंगेरीतली आल्डी स्यूडची. ऑस्ट्रियात याच स्यूडच्या दुकानांवर ‘होफर’ अशी पाटी असते.

स्पारचे याच्या उलट. ठिकठिकाणी दिसणाऱ्या त्या हिरव्या पाटीमागे एकच बडा मालक नाही. स्वतंत्र दुकानदारांनी घाऊक व्यापाऱ्याशी जोडून घेऊन एकत्र खरेदी करावी, म्हणून १९३२ साली नेदरलँड्समध्ये ही व्यवस्था उभी राहिली. आजही यातली अनेक दुकाने स्थानिक दुकानदारांचीच आहेत. स्वित्झर्लंडची मिग्रो तर सहकारी संस्था आहे. १९२५ साली पाच ट्रक आणि सहा जिन्नस एवढ्यावर ती सुरू झाली. तिच्या सुपरमार्केटांत दारू मिळत नाही. २०२२ साली सभासदांनी मतदान करून ही बंदी कायम ठेवली.

स्वस्त म्हणजे हलका माल, हा समज सर्वांत चिवट आणि सर्वांत चुकीचा. आल्डी किंवा तशाच स्वस्त लिडल या साखळीत माल बहुधा खोक्यांतूनच मांडलेला असतो. पुठ्ठा फाडला की मांडणी झाली. वेष्टनावर बारकोड मोठा आणि एकाहून अधिक बाजूंना छापलेला असतो, त्यामुळे गल्ल्यावर पुडा उलटापालटा करावा लागत नाही. ढकलगाडी नाणे घालून सुटते आणि ते परत मिळवण्यासाठी गिऱ्हाईक ती स्वतःच जागेवर लावते. वाणही मोजके, त्यातले बरेचसे दुकानाच्या स्वतःच्या नावाचे. बचत होते ती इथे.

मात्र सगळी स्वस्ताई काटकसरीतूनच येते, हेही खरे नाही. काही भार पुरवठादारावर, शेतकऱ्यावर ढकलला जात होता : पैसे उशिरा, भाजीची मागणी ऐन वेळी रद्द. म्हणून युरोपीय संघाने २०१९ साली निर्देश काढला. बड्या खरेदीदाराने छोट्या पुरवठादाराच्या नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांत चुकते केले पाहिजेत. अशा मालाची मागणी ३० दिवसांहून कमी मुदतीत रद्द करण्यास मनाई आहे.