चौदा पायांचा शेजारी

लष्करातील जुन्या वाड्याच्या परसात मोरीलगतची वीट उलटावी, तो पाटीच्या रंगाचे इवलेसे जीव सैरावैरा धावू लागतात. एखादा तर हात लागताच अंगाची वाटोळी गोळी करून पडतो. आपण त्यांस सरसकट किडे म्हणतो. थोर वर्गीकरणकार लिनियस यानेही १७५८ साली त्यांस कीटकांतच बसविले होते, तेव्हा आपणांस दोष कोण देणार! परंतु कीटकांस पाय सहा, यांस चौदा. आणि कूळ खेकडा-कोळंबीचे. पाण्यातून भूमीवर आलेल्या या कवचधाऱ्यांची ओलीची गरज अद्याप सुटलेली नाही. देहाच्या मागील भागाखाली जे पापुद्रे असतात त्यांवाटे ते श्वास घेतात; मादी अंडीही पोटाखालच्या ओल्या पिशवीत वागविते. ग्वाल्हेरच्या वैशाखात हे जीव भेगांत दडतात आणि पहिल्या पावसानंतर बाहेर पडतात, ते याचमुळे.

जगात यांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. भारतातील जातींविषयी वॉल्टर कॉलिंज यांनी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात १९१४ पासून लेख लिहिले. मात्र जात ओळखणे हे काम भलतेच किचकट. रंगावर तर मुळीच विसंबू नये. मिशीच्या टोकाच्या भागात सांधे दोन की तीन, मागील पापुद्र्यांवर पांढरे ठिपके किती, हे प्रथम पाहावे. एवढ्याने फार तर कूळ लागते. जातीचा निवाडा बहुधा नराच्या त्या पापुद्र्यांच्या पहिल्या दोन जोड्यांवरून, सूक्ष्मदर्शकाखाली होतो. एखाद्या दुर्मिळ जातीची एकच मादी हाती लागली, तर नाव पुष्कळदा अडूनच राहते.

शिवाय निळसर भुकटी माखल्यासारखा दिसणारा, चपळ ‘पोर्सेलिओनायडीस प्रुइनोसस’ माणसाच्या मालासोबत जगभर पसरलेला आहे. तो दिसताच नवी जात सापडली म्हणून हर्ष करू नये. आम्हांस कुतूहल आहे ते किल्ल्याच्या वालुकाश्मातील ओल्या कपारींचे आणि पाडल्या जाणाऱ्या वाड्यांच्या पायांचे. पाया उकरून तेथे काँक्रीट पडले, की त्या ओलीतले काय होते हे विचारायला जागाच उरत नाही.

मुलांनी नमुना घेतलाच, तर चार-सहा जीव सत्तर टक्के मद्यार्कात ठेवावेत, म्हणजे त्यांत नर असण्याचा संभव वाढतो. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी घालावी: मोहल्ला, तारीख, दगडाखाली की कुजक्या लाकडाखाली. चिठ्ठीवाचून नमुन्यास जाणकार हातही लावीत नाहीत.