पाऊण किलो कोळसा, आठशे लिटर पाणी

परळीच्या वैजनाथाच्या पायऱ्या चढताना आजीबाई मध्येच थांबून गुडघ्यावर हात टेकतात, तेव्हा त्यांची झटापट कोणाशी चाललेली असते? पायरीशी नव्हे, वयाशीही पूर्णपणे नव्हे. ती असते अख्ख्या पृथ्वीशी. सहा हजार किलोमीटरहून अधिक खोलवर असलेल्या केंद्राकडे ही पृथ्वी आजीबाईंना सतत ओढते आहे. न थकता, न सुटी घेता.

या ओढीचा जोर किती, हे परळीच्या रेल्वे स्थानकात उभं राहिलं की चांगलं कळतं. कोळशानं भरलेल्या मालगाडीच्या एका डब्याचं वजन ऐंशी टनांच्या घरात जातं. तो इंचभर वर उचलायचा तर क्रेनच हवी. पण तोच डबा सपाट रुळावर एकदा हलला, की आठ-दहा धट्टेकट्टे गडी त्याला ढकलत नेऊ शकतात. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना होणारा विरोध डब्याच्या वजनाच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकाच असतो. म्हणजे आडवं ढकलणं सोपं, उभं उचलणं महाकठीण. यावरून गुरुत्वाकर्षण हे मोठं दांडगं बल आहे असं कोणालाही वाटेल.

आणि तिथेच आपण फसतो. निसर्गात मूलभूत बलं चार मानली जातात. त्यांत गुरुत्वाकर्षण सगळ्यांत दुबळं! घरातला एखादा लहानसा लोहचुंबक टाचणीवर धरून पाहा. टाचणी टुणकन वर येते. खाली ओढायला अख्खी पृथ्वी, वर ओढायला बोटभर चुंबक. आणि जिंकतो चुंबक. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना विजेच्या बलानं जेवढे ओढतात, ते बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणापेक्षा दोनावर एकोणचाळीस शून्यं मांडावीत इतके पट मोठं आहे. ही संख्या वाचायचा प्रयत्न करू नये, नुसती पाहावी.

आपण रोज जे ढकलतो, ओढतो, रेटतो, ते सगळं मुळात हेच विजेचं बल. दाराला हात लावला की हाताचे अणू दाराच्या अणूंना आत शिरू देत नाहीत. दोरीचा ताण, चाकाचं घर्षण, दंडातल्या स्नायूचं आकुंचन, सगळ्यांच्या मुळाशी अणूंमधली ही विद्युत देवघेव आहे. आजीबाईंचाच हिशेब करू. वजन साठ किलो, आणि चढ हिशेबापुरता वीस मीटर धरू. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतं, हे धरूनही या चढाईला तीनेक ग्रॅम साखर पुरते. प्रसादाची चिमूट जरा सैल हातानं दिली की झालं!

पण याचं खरं मोठं उदाहरण परळीच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आहे. इथलं औष्णिक वीज केंद्र १९७१ साली सुरू झालं. कोळसा जळतो, म्हणजे कार्बनचे आणि ऑक्सिजनचे अणू विजेच्या बलानं नव्यानं जोडले जातात. एक युनिट विजेला साधारण पाऊण किलो कोळसा लागतो. आता कोयनेला चला. तिथे वीज गुरुत्वाकर्षण करतं. पाणी सह्याद्रीवरून जवळपास अर्धा किलोमीटर खाली कोसळतं. इतकी प्रचंड उडी घेऊनही एका युनिटसाठी आठशे लिटरच्या आसपास पाणी खर्ची पडतं. एका बाजूला पाऊण किलो काळा दगड, दुसऱ्या बाजूला आठशे किलो पाणी. दोन बलांमधला फरक यापेक्षा स्पष्ट कुठल्याच प्रयोगशाळेत दिसणार नाही.

आणि तरीही २०१३च्या दुष्काळात परळीचे संच बंद ठेवावे लागले, ते पाण्यावाचून. वीज केंद्राला पाणी लागतं आणि ते गोदावरीवरच्या खडक्याच्या बंधाऱ्यातून पंपानं आणावं लागतं, कारण नदी सखल भागात आहे. पाणी स्वतःहून उतारालाच धावणार. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाही रुळांवरचा प्रवास हा सोपा भाग होता. वॅगनमधून उतरलेलं पाणी घराघरांत पोचवणं, डोक्यावरून, कमरेवरून, जिन्यावरून, हा अवघड. सपाट रस्त्यानं हंडा घेऊन चालणाऱ्या बाईनं गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेलं कार्य शून्य, असं शाळेचं पुस्तक सांगतं. त्या बाईला हे सांगून पाहा! पुस्तक खोटं नाही; पण हंडा नुसता पेलून धरायलाही मानेतले स्नायुतंतू क्षणोक्षणी ओढ घेतात, सोडतात, पुन्हा घेतात, आणि प्रत्येक वेळी ऊर्जा जाळतात. तो खर्च पुस्तकातल्या त्या शून्यात धरलेला नाही.

मग इतकं दुबळं बल सगळ्यांवर राज्य कसं करतं? विजेत धन आणि ऋण असे दोन प्रकार आहेत, ते एकमेकांना खोडतात. गुरुत्वाकर्षणाला ऋण बाजूच नाही. ते फक्त ओढतं, आणि कणाकणाची ओढ साठत जाते. शेजारी एक मीटरवर बसलेला साठ किलोचा माणूसही तुम्हाला ओढतोच, पण ती ओढ एका मिलिग्रॅमच्या चाळिसाव्या भागाच्या वजनाइतकी! शिशाच्या गोळ्यांमधली अशीच नाममात्र ओढ हेन्री कॅव्हेंडिशनं मोजली आणि १७९८ साली प्रसिद्ध केली. त्यातून त्यानं पृथ्वीची घनता काढली, ती पाण्याच्या सुमारे साडेपाच पट. आजचा आकडाही जवळपास तोच आहे.

आता अशीच, पण कल्पनेपलीकडे सूक्ष्म मोजणी मराठवाड्यात व्हायची आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा, त्यांतून धावणारे लेसर किरण. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वलहरी टिपल्या. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती आणि तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या रूपानं निघून गेलं होतं. एवढा उत्पात, पण त्या लहरी इथे पोचल्या तेव्हा चार किलोमीटरच्या भुजेची लांबी बदलली, ती एका प्रोटॉनच्या व्यासाच्या काही सहस्रांशांनी.